घरच्या घरी याकितोरी: मसाला नाही, सगळं काम सुरीचं आणि काडीचं

पहिल्यांदा याकितोरी, म्हणजे काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेलं जपानी चिकन, करायला घेतली तेव्हा मी चिकन आदल्या रात्रीच सोया सॉस, आलं-लसूण आणि साखरेत मुरवत ठेवलं होतं, कारण भाजायचं चिकन म्हटलं की आधी मुरवायचं हे आपल्या हाताला कोणी सांगावं लागत नाही. सकाळी बघते तर मांस तपकिरी पडलेलं, घट्ट झालेलं, पाणी सुटलेलं, आणि संध्याकाळी निखाऱ्यावर ठेवलं तर दोन मिनिटांत साखर करपून वरून काळं आणि आतून कच्चं. तेव्हा आम्ही टोकियोत निशीकासाईला राहायचो आणि जवळच्या कासाई रिंकाई पार्कात बार्बेक्यूसाठी जागा आहे तिथे चार मराठी घरं मिळून जमलो होतो. सगळ्यांनी खाल्लं, चव वाईट नव्हती, पण ती याकितोरी नव्हती, सोया सॉसचा कबाब होता तो.

आमच्या घराजवळच्या गल्लीत एक आठ खुर्च्यांचं दुकान होतं, तिथल्या ताइशोंना (दुकानाचा मालक जो स्वतः भाजायला उभा असतो त्याला गिऱ्हाइकं अशीच हाक मारतात) मी पुढच्या आठवड्यात विचारलं की तुम्ही चिकन कशात मुरवता. त्यांनी काचेच्या पेटीतला ट्रे उचलून समोर धरला. नुसतं मांस, गुलाबी, कोरडं, काडीवर एका रेषेत बसवलेलं. कशातही मुरवलेलं नाही. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी मी त्या काउंटरच्या टोकाच्या खुर्चीवर बसून त्यांचे हात बघितले, आणि आता पुण्यात गच्चीवर करते ते सगळं तिथेच बघून शिकलेलं आहे. याकितोरीत चव बाहेरून आत घालत नाहीत. तुकडा कसा कापला, कसा ओवला आणि विस्तवाच्या किती जवळ धरला यावर सगळं ठरतं, म्हणून हा लेखही अर्ध्याहून जास्त कापण्या-ओवण्याबद्दलच आहे, रेसिपी त्या मानाने छोटी आहे.

याकि म्हणजे भाजलेलं आणि तोरी म्हणजे पक्षी, इथे अर्थातच कोंबडी. जपानमध्ये हे फार जुनं सामान्य माणसाचं खाणं असेल असं वाटतं पण तसं नाही. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली होती, आणि पुढेही कोंबडी कितीतरी काळ महागच राहिली. गाड्यांवर काडीला लावून विकलं जायचं ते मोठ्या हॉटेलांतून उरलेलं काळीज, आतडी, कातडी असलं. १९६० च्या दशकात ब्रॉयलर कोंबडी स्वस्त झाली तेव्हा कुठे ऑफिस सुटल्यावर बिअर आणि चार काड्या हे रोजचं झालं. टोकियोत युराकुचोला रेल्वेच्या पुलाखाली किंवा शिंजुकूच्या ओमोइदे योकोचो गल्लीत संध्याकाळी गेलात तर धुराचा वास लांबूनच येतो. कोंबडीचा एकही भाग टाकायचा नाही ही सवय त्या जुन्या दिवसांतली आहे आणि ती आपल्याला घरीही फार उपयोगाची पडते.

चिकन आणताना

आपल्या चिकनच्या दुकानात सांगितलं नाही तर स्किन ओढून काढूनच देतात, हातच तसा चालतो त्यांचा. त्यामुळे आधीच सांगायचं, स्किन ठेवा आणि पिसं नीट काढा. स्किनशिवाय याकितोरी होते पण कोरडी होते, कारण निखाऱ्यावर जी चरबी वितळते, खाली ठिबकते आणि धूर होऊन परत मांसाला लागते ती स्किनमधली असते. ब्रेस्ट अजिबात घेऊ नका पहिल्या वेळी. फुल लेग घ्या, मांडी आणि तंगडी जोडलेली, अख्खी, तुकडे न करता. चार-पाच जणांना ८ लेग पुरतात, साधारण पावणेदोन ते दोन किलो. सोबत पाव किलो कलेजी-पेटा घ्या. बोनलेस मिळतं, पण ते बहुतेक वेळा स्किन काढलेलं आणि छोटे तुकडे केलेलं असतं, आणि एकदा वेडेवाकडे तुकडे झाले की पुढचं काहीच जमत नाही. शिवाय हाडं आपल्याला सॉससाठी हवीच आहेत.

हाड काढणं अवघड वाटतं पण तिसऱ्या लेगला हात बसतो. लेग स्किनची बाजू खाली करून पाटावर ठेवा. आतल्या बाजूला मांडीपासून तंगडीपर्यंत चरबीची एक पिवळसर पांढरी रेघ दिसेल, हाड बरोबर तिच्या खाली असतं. छोट्या धारदार सुरीने त्या रेघेवरून सांध्यापर्यंत आणि पुढे घोट्यापर्यंत एक सरळ चीर द्या, सुरीचं टोक हाडावर घासल्याचं बोटाला जाणवलं पाहिजे. मग हाडाच्या दोन्ही बाजूंनी टोकानेच मांस खरवडत सोडवा, कापत नाही, खरवडत. मांडीचं हाड खालून मोकळं झालं की सुरी त्याच्याखाली आडवी घालून सांध्याकडे सरकवा, सांधा उलटा वाकवा, कुर्रर्र आवाज होतो, आणि तिथे भोवती कापून हाड ओढा. तंगडीचं तसंच. मग सांध्याच्या जागी बोट फिरवून बघा, कुर्चेचा एक कडक गोळा राहिलेला असतो तो काढा, आणि तंगडीत पांढऱ्या कडक शिरा असतात त्या टोकाला धरून सुरीने खरवडत उपटा. त्या राहिल्या तर खाताना दाताखाली दोरा येतो.

आता मांडी आणि तंगडी वेगळी करा. दुकानात दोन्ही वापरतात पण माझं मत विचाराल तर घरी मांडी फक्त काडीला लावावी आणि तंगडीचं मांस खिम्याला ठेवावं, शिरा कितीही काढल्या तरी ते एकसारखं कापलं जात नाही. आठ लेगमधून सव्वा किलोच्या आसपास मांस निघतं, त्यातून वीसेक काड्या होतात आणि उरलेल्याचा खिमा.

कापणं

मांस कापायच्या आधी ताटात पसरून २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, गोठवायचं नाही, फक्त जरा टणक करायचं. मऊ मांस सुरीखाली सरकतं आणि तुकडे तिरके पडतात. मांडी एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ असते, जाड भागात सुरी आडवी घालून पुस्तकासारखं उघडा म्हणजे सगळीकडे दीड-दोन सेंटीमीटरची जाडी येईल. मग अडीच-तीन सेंटीमीटरच्या पट्ट्या आणि पट्ट्यांचे चौकोनी तुकडे. कापतानाच दोन ढीग करा, थोडे मोठे आणि थोडे लहान, का ते पुढे येतंच. लोंबणारी चरबी, स्किनच्या कडा, वाकडेतिकडे कोपरे सगळं कापून खिम्याच्या भांड्यात टाका. हे वाया जात नाहीये, आणि काडीवर राहिलं तर तेच आधी करपतं आणि सगळ्या काडीला कडू वास लागतो.

कांद्याच्या बाबतीत थोडी तडजोड आहे. नेगिमा म्हणून जी सगळ्यात प्रसिद्ध काडी असते, मांस-कांदा-मांस-कांदा, त्यात जपानी नेगी असतो, अंगठ्याएवढा जाड पांढरा दांडा. आपली कांद्याची पात त्यामानाने बारीक, पण हिवाळ्यात जाड बुडख्याची पात मिळते ती चालते, दोन-दोन दांडे शेजारी लावायचे. मोठ्या भाजीवाल्याकडे लीक मिळाला तर उत्तमच. साध्या कांद्याच्या पाकळ्या मात्र काडीवर गोल फिरतात आणि सुटतात, नको. लांबी मांसाच्या तुकड्याएवढीच, तीन सेंटीमीटर, म्हणजे दोघांनाही विस्तव सारखा लागेल. कांदा मांसापेक्षा मोठा राहिला तर मांस अधांतरी राहतं आणि शिजत नाही.

ओवणं, म्हणजे खरं काम

जपानी कारागिरांत एक म्हण आहे, काडी मारायला शिकायला तीन वर्षं आणि भाजायला शिकायला आख्खा जन्म. मुळात ती ईल, म्हणजे सापासारखा लांब मासा, भाजणाऱ्यांची, पण याकितोरीवालेही आता सर्रास म्हणतात. आपल्याला तीन वर्षं नाही लागणार पण पहिल्या दहा काड्या सावकाश करा.

बांबूच्या काड्या अर्धा-पाऊण तास पाण्यात ठेवा. तुकडा पाटावर सपाट ठेवा, स्किन खाली, डाव्या हाताची दोन बोटं वरून हलकी दाबून धरा, आणि काडी जाडीच्या बरोबर मध्यातून, मांसाच्या धाग्यांना आडवी, सरळ आरपार घाला. हातात धरून हवेत ओवू नका, काडी तिरकी जाते आणि एका बाजूला मांस जास्त लोंबतं, मग काडी उलटली की जड बाजू आपोआप खाली फिरते आणि तीच बाजू परत परत भाजली जाते. काडी मध्यातून गेलीय का हे तपासायचं साधं आहे, ओवलेली काडी दोन्ही टोकांना बोटांवर आडवी ठेवा, ती गरगर फिरून एकाच बाजूला थांबत असेल तर उपसून परत ओवा. धागे आडवे असले की मांस काडीला घट्ट पकडून बसतं, उभे असले तर शिजल्यावर भोक मोठं होतं आणि तुकडा सैल पडतो.

हाताकडच्या बाजूला लहान तुकडे आणि टोकाकडे मोठे, असे चार-पाच. कारण हाताकडची बाजू शेगडीच्या काठावर येते, तिथे विस्तव कमी असतो, आणि खाणाऱ्याचा पहिला घास टोकाचा असतो तो भरलेला लागला पाहिजे. तुकडे एकमेकांना चिकटवून, मधे फट नको, फटीत काडी जळते. टोक मांसाबाहेर अगदी पाव इंच ठेवा. एका काडीला ३५ ते ४० ग्रॅम मांस पुरे, दिसायला कमी वाटतं पण जाड काडी बाहेरून करपेपर्यंत आतून शिजत नाही. सगळ्या झाल्या की ताटात एका रांगेत ठेवून वरून बघा आणि कडेने जे बाहेर डोकावतंय ते कात्रीने छाटा. ताइशो ही शेवटची छाटणी एकही काडी न सोडता करायचे, गर्दी असली तरी.

सॉस, ज्याला तारे म्हणतात

याकितोरीला दोनच चवी, शिओ म्हणजे मीठ आणि तारे म्हणजे सॉस. तारेसाठी २०० मिली सोया सॉस, २०० मिली मिरिन, १०० मिली साके (तांदळाची जपानी दारू) आणि तीन मोठे चमचे ब्राउन शुगर. मिरिन म्हणजे तांदळाची गोडसर दारू, साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं, शिजताना बरंचसं उडतं पण ज्यांना अजिबात नको त्यांनी १५० मिली पाण्यात ८० ग्रॅम साखर विरघळवून ते घ्यावं आणि साकेच्या जागी नुसतं पाणी. चकाकी थोडी कमी येईल, बाकी छान होतं. साके नसेल पण वाईन चालत असेल तर कोरडी व्हाइट वाईन घाला. साखरेचा थोडा भाग काळ्या गुळाचा ठेवला तर मला जास्त आवडतं, ओकिनावाला कोकुतो म्हणून उसाची काळी साखर असते ती आपल्या गुळाचीच बहीण आहे, पण सगळाच गूळ घातला तर सोया सॉसचा वास मागे पडतो.

सोया सॉसवर मात्र तडजोड करू नका. चायनीजच्या गाडीवरचा काळा डार्क सोया म्हणजे बराचसा कॅरमेल आणि मीठ, तो आटवला की कडू होतो. बाटली फिरवून घटक वाचा, सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असलं पाहिजे, नॅचरली ब्रूड असं लिहिलेलं असतं. किक्कोमन आता इथे मिळतो.

काढून ठेवलेली तीन-चार हाडं गॅसच्या जाळीवर किंवा तव्यावर चांगली तपकिरी होईपर्यंत भाजा. पातेल्यात मिरिन आणि साके आधी दोन मिनिटं उकळा, मग सोया सॉस, साखर, भाजलेली हाडं, पातीचा हिरवा भाग आणि ठेचलेलं बोटभर आलं टाकून अगदी मंद आचेवर ३० ते ४० मिनिटं ठेवा, एक-तृतीयांश आटेपर्यंत. खदखदू द्यायचं नाही. गरम असताना पातळच वाटेल, थंड झाल्यावर काकवीपेक्षा जरा पातळ हवं. घट्ट करायला कॉर्नफ्लोर घालायचा मोह होतो, घालू नका, निखाऱ्यावर त्याची पापडी धरते. गाळून उंच ग्लासात किंवा बरणीत भरा म्हणजे काडी उभी बुडवता येईल.

विस्तव

जपानी दुकानांत बिंचोतान कोळसा असतो, उबामे नावाच्या ओकच्या लाकडाचा, वाकायामा भागातला सगळ्यात नावाजलेला. सतराव्या शतकाच्या शेवटी तानाबे गावचा बित्चूया चोझाएमोन नावाचा व्यापारी तो विकायचा, त्याच्या नावातून बिन आणि चो आले. दोन कांड्या एकमेकांवर आपटल्या तर लोखंडासारखा टण्ण आवाज येतो. धूर जवळजवळ नाही, ज्वाळा नाही, तासन्‌तास एकसारखी धग. इथे तो ऑनलाइन मिळतो पण महाग आहे आणि पेटायला खूप वेळ घेतो, एकदम तापवला तर तुकडे उडतात. मी नारळाच्या करवंटीचा कोळसा वापरते, धग चांगली, धूर कमी, कोकणात-गोव्यात सहज मिळतो. नसेल तर साधा लाकडी कोळसा, मोठे खडे निवडून. दाबून केलेल्या विटकुळ्या नकोत, राख फार आणि वासही.

शेगडी विकत घ्यायची गरज नाही, पण आपली कबाबची जाळीवाली शेगडी जशीच्या तशी चालत नाही. याकितोरीत मांसाखाली जाळी नसतेच. जाळीला मांस चिकटतं, स्किन फाटते. इथे काडीची दोन टोकं दोन लोखंडी पट्ट्यांवर टेकतात आणि मांस मधे अधांतरी असतं. तर कोरड्या भाजक्या विटा घ्या, ओल्या तडकतात. गच्चीच्या फरशीवर आधी जाड वाळूचा थर, त्यावर विटांच्या दोन समांतर रांगा, मधे फट काडीवरच्या मांसाच्या लांबीपेक्षा किंचित जास्त, साधारण १० ते १२ सेंटीमीटर. विटांच्या आतल्या कडेवर दोन लोखंडी सळया आडव्या. सळई काळी साधी घ्या, जस्ताचा मुलामा असलेली चमकदार नको, तापली की त्याचा धूर अंगाला वाईट. आता काडीचा हाताकडचा भाग विटेवर येतो, विस्तवावर नाही, म्हणून तो जळत नाही. मी आधी जाळीवर भाजायचे तेव्हा काड्या मागून जळून तुटायच्या आणि अर्धी याकितोरी राखेत जायची, विटा मांडल्यापासून एकही नाही.

कोळसा पूर्ण पेटून वर राखाडी साय धरेपर्यंत थांबा, अर्धा तास तरी. काळा कोळसा दिसत असेल तोपर्यंत मांस ठेवायचं नाही. मांस आणि निखारा यांच्यात चार बोटांचं अंतर. मांसाच्या उंचीवर तळवा धरा, दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला पाहिजे, पाच सेकंद सहन होत असेल तर धग कमी आहे. एका टोकाला निखारे दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ ठेवा म्हणजे काड्या सरकवायला जागा राहते. आणि हे सगळं मोकळ्या हवेत, बंद बाल्कनीत किंवा घरात खिडकी उघडी ठेवूनसुद्धा कोळसा पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतच नाही.

भाजणं

काड्या भाजायच्या अर्धा तास आधी फ्रीजमधून बाहेर. शिओची काडी असेल तर मीठ अगदी ठेवायच्या क्षणी, आधी नाही, नाहीतर पाणी सुटतं. एक फूट उंचावरून चिमटीने भुरभुरवा म्हणजे सगळीकडे सारखं पडेल, टोकाच्या तुकड्याला किंचित जास्त. जाडसर समुद्री मीठ असेल तर तव्यावर कोरडं भाजून कुटून घ्या. तारेच्या काडीला या वेळी काहीच लावायचं नाही.

मांडीची काडी आधी मांसाची बाजू खाली, दीड-दोन मिनिटं हात लावू नका. कडा पांढरट झाल्या की उलटा, स्किन खाली. आता चरबी ठिबकायला लागते आणि खालून ज्वाळा उठते. ज्वाळा मांसाला चाटू द्यायची नाही, काजळी धरते, काडी बाजूला सरकवा आणि हातपंख्याने किंवा पुठ्ठ्याने बाजूने झपझप वारा घालून ज्वाळा विझवा. धूर मात्र राहू द्या, तोच तर वास. इथून पुढे दर ४०-५० सेकंदांनी उलटत राहायचं. काडी दोन टोकांमधे किंचित हलकी वाटायला लागते, स्किनवर बारीक बुडबुडे येतात, बोटाने दाबलं तर मांस परत वर येतं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड तुकड्याच्या मध्यात ७५ अंश सेल्सिअस हवं, नसेल तर पहिल्या काडीचा मधला तुकडा कापून बघा, रस स्वच्छ असला पाहिजे. जपानमध्ये काही दुकानांत सासामी म्हणजे ब्रेस्टच्या आतला नाजूक भाग अर्धकच्चा देतात, ते घरी करू नका, कच्च्या चिकनमधून कॅम्पायलोबॅक्टरसारखे जंतू पोटात जातात आणि ते आजारपण वाईट असतं.

तारेची काडी आठ आणे नव्हे, बारा आणे भाजून झाल्यावर मग सॉसात बुडवायची, म्हणजे साखर करपत नाही आणि बरणीत कच्चं मांस जात नाही. बुडवा, निथळा, विरळ निखाऱ्यावर अर्धा मिनिट एका बाजूने, अर्धा मिनिट दुसऱ्या बाजूने, परत बुडवा, असं तीनदा. पहिल्या बुडवणीला रंग फिका असतो, दुसरीला सॉस मांसाला धरायला लागतो, तिसरीला वर चकाकी येते आणि कडेला एखादा काळा ठिपका दिसतो, तिथे उचला. शेवटची एक बुडवणी मी करून परत भाजत नाही, तशीच ताटात.

बाकीच्या काड्या

कलेजी तारेमध्ये आणि पेटा मिठात, हे माझ्या मते बदलू नये. कलेजीवर पित्ताचा हिरवा डाग असेल तर तो भाग कापूनच टाका, धुऊन जात नाही. मिठाच्या थंड पाण्यात १५ मिनिटं ठेवून कोरडी करा, मोठे तुकडे, आणि मऊ असते म्हणून दोन काड्यांवर ओवा. पेट्याची चंदेरी कडक साल सुरीने सोलून आतला गडद लाल भाग घ्या, कुरकुरीत लागतो. स्किन उरली असेल तर पाच मिनिटं उकळून, पुसून, साडीच्या निऱ्या घालतो तशी घडी घालत काडीवर दाबून बसवा आणि मंद बाजूला निवांत भाजा. फुकुओकात ती काडीभोवती गुंडाळतात आणि दोन-तीन दिवस परत परत भाजून सुकवतात, इतका वेळ घरी कोणाला असतो, पण एकदा मिळाली तर खाऊन बघा.

आणि त्सुकुने, म्हणजे खिम्याचा मुटका. अर्धा किलो खिम्याला ५ ग्रॅम मीठ घालून आधी नुसता मळा, हाताला चिकटून धागे सुटेपर्यंत, तीन-चार मिनिटं. त्यानंतरच बारीक पात, किसलेलं आलं, एक अंड्याचा पांढरा आणि चमचाभर कॉर्नफ्लोर. मीठ आधी आणि बाकी नंतर हा क्रम सोडला तर मुटका काडीवरून गळतो. ओल्या हाताने लांबट मुटके करून उकळत्या पाण्यात चार मिनिटं सोडा, थंड झाल्यावर काडीला लावा, मग भाजायला चार मिनिटं आणि तारे. तिकडे सोबत कच्च्या अंड्याचा पिवळा बलक देतात, तिथली अंडी कच्ची खायच्या हिशेबानेच विकतात, आपल्याकडे ते नको.

गच्ची नसेल तर

ओव्हनच्या ग्रिल मोडवर वरची कॉइल लाल होईपर्यंत तापवा, ट्रेवर जाळी, काडीच्या मागच्या टोकांना फॉइल, कॉइलपासून चार बोटांवर, एकूण दहा-बारा मिनिटं, मधे दोनदा उलटून. धुराचा वास येणार नाही पण स्किन छान होते.

त्याहून मला तव्याची पद्धत आवडते, आणि ती काही नकली नाही. एहिमे प्रांतातल्या इमाबारी गावात याकितोरी लोखंडी तव्यावरच करतात, काडी न लावता, वरून वजन दाबून. बिडाचा तवा कडक तापवा, तेल अगदी थेंबभर, मांडीचे तुकडे स्किन खाली, वर दुसरा जड तवा किंवा खलबत्ता ठेवा. सहा मिनिटं स्किनच्या बाजूने, दोन दुसऱ्या, सुटलेली चरबी पुसून काढा, गॅस बारीक करून दोन चमचे तारे ओता आणि घोळवा. होक्काइदोतल्या मुरोरानमध्ये तर याकितोरी म्हणून डुकराचं मांस आणि कांदा मोहरीच्या सॉसबरोबर देतात, सैतामातल्या हिगाशीमात्सुयामाला डुकराच्या मांसाला तिखट मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) लावतात, तेव्हा तवा वापरला म्हणून मनात काही आणू नका.

वाढताना

सगळं एकदम भाजून टेबलवर ढीग लावू नका, पाच मिनिटांत स्किन मऊ पडते. एकाने भाजत राहायचं, बाकीच्यांनी शेगडीभोवती बसायचं, चार-चार काड्या उतरतील तशा खायच्या, आधी मिठाच्या मग सॉसच्या, कारण गोड आधी खाल्लं की मीठ फिकं लागतं. काडीवरून तुकडे काट्याने उतरवून वाटीत घालू नका, टोकाला जास्त मीठ घातलं ते त्यासाठीच. मधे मधे खायला कोबीचे हाताने तोडलेले मोठे तुकडे, व्हिनेगर आणि थोडी साखर-मीठ घातलेल्या पाण्यात थंड करून, फुकुओकातल्या हाकाता भागातल्या दुकानांत असतात तसे. वरून शिचिमी म्हणजे सात जिनसांचं तिखट, नसेल तर लाल तिखट, भाजलेले तीळ आणि वाळवलेली संत्र्याची साल एकत्र कुटून घ्या, आणि लिंबू फक्त मिठाच्या काडीला.

उरलेली तारे फेकायची नाही. दुकानांत जुन्याच सॉसात रोज नवा घालून वर्षानुवर्षं तो चालवतात, प्रत्येक काडी बुडताना चरबी आणि धूर त्यात सोडून जाते म्हणून जुनी तारे नवीपेक्षा चांगली. घरी मात्र त्याच रात्री गाळून, परत पाच मिनिटं खळखळून उकळून, थंड करून स्वच्छ बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि बरणीवर तारीख लिहा. दोन आठवड्यांत परत बेत नसेल तर फ्रीझरमध्ये. पुढच्या वेळी बाहेर काढून त्यात नवी अर्धी तारे मिसळा आणि पुन्हा एकदा उकळून मगच काडी बुडवा.